आचार्य सिल्व्हाँ लेव्ही आणि विखुरलेले बुद्धवचन

विहारात व्याख्यान झाले की श्रोत्यांपैकी कोणीतरी एक प्रश्न हमखास विचारतो : ‘भगवान बुद्धांचे मूळ शब्द नेमके कोणत्या ग्रंथात आहेत?’ प्रश्न साधा आहे आणि तो श्रद्धेतून आलेला असतो. विद्यापीठातून पाली शिकून बाहेर पडलो त्या काळी आम्ही या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देत असू : पाली तिपिटकात. आज ते उत्तर आम्ही तितक्या सहजतेने देत नाही. पालीविषयीचा आमचा आदर कमी झाला असा याचा अर्थ नव्हे. पाली ग्रंथाशेजारी संस्कृत, चिनी व तिबेटी ग्रंथ ठेवून वाचू लागल्यावर उत्तर लांबले, इतकेच. हा पालट आमच्यात ज्या थोड्या पंडितांच्या लेखनाने घडवून आणला, त्यांत फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही (१८६३–१९३५) यांचे नाव आम्ही अग्रभागी ठेवतो. त्यांचे जीवन, त्यांचे प्रवास आणि त्या प्रवासांतून हाती आलेले वाङ्मय यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

पूर्वपीठिका

पॅरिस नगरीत बौद्ध विद्येचा पाया लेव्ही यांच्या जन्मापूर्वीच घातला गेला होता. यूजीन बर्नूफ यांनी लासेन यांच्या सहकार्याने १८२६ साली पाली भाषेवरील निबंध प्रसिद्ध केला. युरोपातील पाली अध्ययनाचा तो आरंभ मानला जातो. पुढे काठमांडू येथील ब्रिटिश रेसिडेंट ब्रायन हॉजसन यांनी १८३७ साली नेपाळातील संस्कृत बौद्ध हस्तलिखिते पॅरिसला पाठविली. त्यांच्या आधारे बर्नूफ यांनी भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासाची प्रस्तावना (१८४४) लिहिली आणि सद्धर्मपुंडरीकाचे भाषांतर केले. हे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १८५२ मध्ये बाहेर आले. बर्नूफ भारतात कधीही आले नाहीत. ग्रंथ त्यांच्याकडे चालत आले आणि त्यांनी ते टेबलाशी बसून वाचले. लेव्ही यांच्या पिढीपुढील प्रश्न निराळा होता. जे ग्रंथ चालत आले नाहीत, त्यांचे काय?

घडण

लेव्ही यांचा जन्म २८ मार्च १८६३ रोजी पॅरिस येथे एका ज्यू कुटुंबात झाला. एर्नेस्ट रेनाँ यांच्या सूचनेवरून ते वेदविद्येचे पंडित आबेल बेर्गेन यांच्या वर्गात जाऊन बसले आणि तेथेच त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. १८८८ साली आल्प्स पर्वतात अपघात होऊन बेर्गेन यांचे निधन झाले. गुरूंचे अपुरे कार्य तरुण शिष्याकडे आले. १८९० साली लेव्ही यांचा संस्कृत नाट्यावरील मोठा प्रबंध प्रसिद्ध झाला. १८९४ साली ते कॉलेज द फ्रान्स या संस्थेत संस्कृत भाषा व साहित्य या विषयाचे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षे, त्या पीठावर राहिले.

साहित्याचे अभ्यासक म्हणूनच त्यांनी बौद्ध वाङ्मयात प्रवेश केला. अश्वघोषाच्या बुद्धचरिताचा पहिला सर्ग त्यांनी १८९२ साली भाषांतरासह छापला. तेच काव्य कॉवेल संपादित करीत आहेत असे कळल्यावर त्यांनी पुढील काम थांबविले. कॉवेल यांची आवृत्ती १८९३ मध्ये निघाली. परंतु अश्वघोषाने त्यांना एक मोठी शिकवण दिली. अठ्ठावीस सर्गांच्या या काव्यापैकी संस्कृतात सुमारे अर्धेच शिल्लक आहे. उरलेले वाचावयाचे तर चिनी किंवा तिबेटी भाषांतराकडे जावे लागते. महाराष्ट्रातील वाचकांना हे काव्य सर्वस्वी परके नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथातील चरित्रभागासाठी बुद्धचरिताचा उपयोग केला आहे. भारतात जन्मलेल्या महाकवीचे अर्धे काव्य भारताबाहेरच्या भाषांतच उरावे, या वस्तुस्थितीने लेव्ही यांना चिनी व तिबेटीच्या अध्ययनाकडे नेले. चिनी विद्येचे पंडित एदुआर शाव्हान यांच्यासमवेत त्यांनी १८९५ साली वू-कोंग या आठव्या शतकातील चिनी यात्रेकरूचा प्रवासवृत्तांत फ्रेंचमध्ये आणला.

नेपाळचा पहिला प्रवास

१८९७ साली लेव्ही भारतात आले आणि १८९८ च्या आरंभी नेपाळात पोहोचले. त्या काळी राणा शासकांच्या परवानगीवाचून कोणाही परकीयाला नेपाळ खोऱ्यात पाऊल ठेवता येत नसे. मुक्काम अवघ्या दोन महिन्यांच्या सुमाराचा झाला. तथापि त्यातून ‘नेपाळ’ हा तीन खंडांचा इतिहासग्रंथ (१९०५–०८) सिद्ध झाला. शिलालेख, वंशावळी, चिनी यात्रेकरूंचे उल्लेख आणि डोळ्यांनी पाहिलेले विहार, यात्रा व देवस्थाने ही सारी साधने त्यांनी त्यात एकत्र आणली.

येथे मुंबईचे एक ऋण नोंदविणे आम्हांस आवश्यक वाटते. नेपाळातील प्राचीन शिलालेखांचा पहिला भरीव संग्रह पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८० साली ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध केला होता. सोपारा येथील स्तूपाचे १८८२ सालचे उत्खनन करणारे भगवानलाल ते हेच. लेव्ही यांना नेपाळच्या प्राचीन इतिहासाची जी पायवाट तयार मिळाली, ती मुंबईत राहून कार्य करणाऱ्या या पंडिताने पाडलेली होती.

याच प्रवासात लेव्ही यांना महायानसूत्रालंकाराचे संस्कृत हस्तलिखित मिळाले. असंगाच्या नावाने प्रसिद्ध असलेला हा योगाचार संप्रदायाचा ग्रंथ तोवर केवळ चिनी व तिबेटी भाषांतरांतून ज्ञात होता. त्यांनी मूळ संहिता १९०७ साली व फ्रेंच भाषांतर १९११ साली प्रसिद्ध केले. पाटण व काठमांडू येथील वज्राचार्यांच्या परंपरेने भारतात नष्ट झालेले संस्कृत बौद्ध वाङ्मय शतकानुशतके नकलून जतन केले होते. त्या अनाम लेखनिकांचे श्रम नसते, तर लेव्ही यांच्या हाती काहीच लागले नसते.

यक्षांची यादी

लेव्ही यांच्या दृष्टीला क्षुल्लक असे काही नव्हते. महामायूरी हा रक्षामंत्रांचा ग्रंथ. त्यात कोणत्या नगरात कोणता यक्ष राहतो याची लांबलचक यादी आहे. पुष्कळांनी ती कंटाळवाणी म्हणून ओलांडली असती. लेव्ही यांनी संस्कृत संहितेशेजारी चिनी व तिबेटी भाषांतरे ठेवली आणि या यादीतून प्राचीन भारताचा भूगोल काढून १९१५ साली विद्वानांपुढे मांडला. त्या यादीत नासिक्याचा यक्ष सुंदर आहे आणि करहाटकाचा वीर आहे. नाशिकची त्रिरश्मी लेणी व कऱ्हाडची लेणी पाहिलेल्या वाचकाला ही नावे वाचताना निराळेच समाधान लाभेल.

पुढे १९२५ साली त्यांनी पाली निद्देसातील एका यादीला हेच भाग्य दिले. धनाच्या इच्छेने समुद्र ओलांडणारा मनुष्य कोठकोठे जातो हे सांगताना निद्देसकार तक्कोल, सुवण्णभूमि, तम्बपण्णि, सुप्पारक, भरुकच्छ अशी बंदरांची नावे देतो. लेव्ही यांनी या नावांचा ताळा टॉलेमीच्या भूगोलाशी व बृहत्कथेच्या परंपरेशी घातला. आम्ही निद्देस शिकलो तेव्हा तो शब्दार्थ सांगणारा रुक्ष ग्रंथ म्हणून शिकलो. त्याच्या एका परिच्छेदात सोपाऱ्यापासून सुवर्णभूमीपर्यंतचा सागरी व्यापार दडलेला आहे, हे आम्हांस या फ्रेंच पंडिताकडून कळावे याची खंत वाटते.

सोण कुटिकण्णाचे पठन

आता ज्या उदाहरणाने आमचे स्वतःचे मत पालटले, त्याकडे वळू. विनयपिटकाच्या महावग्गात व उदानात सोण कुटिकण्ण या भिक्षूची कथा आहे. तो अवन्तीचा, स्थविर महाकच्चानांचा शिष्य. त्या प्रदेशात भिक्षू इतके थोडे की उपसंपदेसाठी दहा भिक्षूंचा संघ जमविण्यास तीन वर्षे लागली. पुढे तो श्रावस्तीस भगवंतांच्या दर्शनाला गेला. पहाटे भगवंतांनी त्याला धम्म म्हणावयास सांगितले आणि त्याने अट्ठकवग्गाची सोळाही सुत्ते स्वरात म्हटली. भगवंतांनी त्याची प्रशंसा केली व सीमेवरील प्रदेशांसाठी विनयाचे काही नियम शिथिल केले.

लेव्ही यांनी १९१५ साली हा प्रसंग निरनिराळ्या निकायांच्या विनयांतून एकत्र केला. हे विनय बहुतांशी चिनी भाषांतरांतच उरलेले आहेत. सोणाने काय म्हटले, या एका प्रश्नाची सर्व उत्तरे त्यांनी शेजारी शेजारी मांडली. काही परंपरा अट्ठकवग्गासोबत पारायणादी अन्य संग्रहांचीही नावे सांगतात. परंतु अट्ठकवग्ग, म्हणजे संस्कृत परंपरेतील अर्थवर्ग, या कथेत पुनःपुन्हा येतो. एकमेकींपासून दुरावलेल्या परंपरा एका गोष्टीवर जुळतात, तेव्हा ती गोष्ट त्यांच्या विभाजनाहून जुनी असण्याचा संभव फार मोठा असतो. सुत्तनिपातातील हा वग्ग प्राचीन आहे असे आम्ही भाषेवरून मानत होतो. त्याला स्वतंत्र साक्षीदार मिळाले ते चिनी विनयांतून. पालीची प्रतिष्ठा येथे पालीबाहेरच्या ग्रंथांनी वाढविली, हे विसरता कामा नये.

याच कथेचा आणखी एक धागा आमच्या प्रदेशापर्यंत येतो. संस्कृत दिव्यावदानात हा भिक्षू श्रोण कोटिकर्ण या नावाने येतो. कॉवेल व नील यांच्या १८८६ च्या आवृत्तीत त्याच्या जन्मस्थानाच्या जागी ‘अस्मात् परान्तके’ असे छापले आहे, आणि त्याचा धड अर्थ लागत नाही. दिव्यावदानातील अनेक कथा मूलसर्वास्तिवादी विनयातून आलेल्या आहेत हे एदुआर ह्यूबर यांनी १९०६ साली व लेव्ही यांनी १९०७ साली दाखविले. त्यामुळे या कथांचा पाठ कोठे ताडून पाहावयाचा ते कळले. १९३१ साली गिलगिट येथील स्तूपात हस्तलिखिते सापडली. लेव्ही यांनी त्यांच्यावर १९३२ साली टिपण लिहिले. नलिनाक्ष दत्त यांनी पुढे त्या विनयाचा भाग छापला. त्यातील चर्मवस्तूत हीच कथा असून तेथे देशाचे नाव ‘अश्मापरान्तक’ असे आहे. अश्मक व अपरान्त या दोन्ही नावांचा जोड त्यात दिसतो. गोदाकाठचा अश्मक व कोकणपट्टीचा अपरान्त म्हणजे आपलीच भूमी. नकलाकाराच्या एका चुकीने एक देश ग्रंथातून पुसला गेला होता. हिमालयापलीकडच्या एका स्तूपाने तो परत दिला.

पालीच्या आधीची भाषा

१९१२ साली लेव्ही यांनी बौद्धांच्या ‘आगमपूर्व’ भाषेवर एक निबंध लिहिला. अशोकाच्या भाब्रू लेखात भिक्षू व उपासकांनी वारंवार ऐकावीत अशा सात धम्मपर्यायांची नावे आहेत. त्यांपैकी एकाचे नाव ‘लाघुलोवाद’ असे येते. पालीत तोच राहुलोवाद. त्याच ओळीत पालीतील ‘अधिकिच्च’ या शब्दाच्या जागी ‘अधिगिच्य’ आहे. ‘र’ च्या जागी ‘ल’ आणि ‘क’ च्या जागी ‘ग’. लेव्ही यांनी असे अवशेष पाली व संस्कृत बौद्ध ग्रंथांतूनही वेचले आणि असा निष्कर्ष काढला की, या दोन्हींच्या मागे मगधाकडची एक जुनी भाषा आहे. पाली व बौद्ध संस्कृत या दोन्ही तिच्यातून झालेल्या रूपांतराच्या शाखा होत. हाइन्‌रिश ल्यूडर्स यांनी हाच विचार पुढे विस्ताराने मांडला. तपशिलांवर मतभेद आहेत. परंतु पाली ही अक्षरशः भगवंतांच्या तोंडची भाषा होय, असे विधान आज कोणी भाषाशास्त्रज्ञ करणार नाही.

नेमक्या त्याच १९१२ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त आपले आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी भाब्रू लेखातील धम्मपर्याय तिपिटकात कोठे सापडतात यावर लेख लिहिला. एक पंडित त्या शिळेवरील शब्दांचा उच्चार ऐकत होता, दुसरा त्यांचा आशय शोधीत होता. आमच्या अभ्यासक्रमांत कोसंबींचा शोध येतो, लेव्हींचा येत नाही. वस्तुतः दोन्ही लेख एकत्र वाचले पाहिजेत.

शांतिनिकेतन, नेपाळ, जपान, बाली

१९२१ साली रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून लेव्ही विश्वभारतीचे पहिले परदेशी अभ्यागत प्राध्यापक म्हणून शांतिनिकेतनात आले. भारतीय विद्यार्थ्यांना त्यांनी चिनी व तिबेटी शिकविण्यास आरंभ केला. त्यांच्या पत्नी सोबत होत्या आणि सिंहलापासून नेपाळपर्यंतच्या या प्रवासावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. १९२२ साली लेव्ही पुन्हा नेपाळात गेले. या वेळी प्रबोधचंद्र बागची हा तरुण अभ्यासक त्यांच्याबरोबर होता. चिनी बौद्ध वाङ्मयाचे थोर भारतीय पंडित म्हणून बागची पुढे विख्यात झाले.

राजगुरू हेमराज शर्मा यांच्या साहाय्याने या खेपेस वसुबंधूची विंशतिका व त्रिंशिका आणि त्रिंशिकेवरील स्थिरमतीचे भाष्य हाती आले. विज्ञानवादाचे हे मूलग्रंथ लेव्ही यांनी १९२५ साली छापले. विंशतिकेचे पहिले पान हरवलेले होते. चिनी व तिबेटी भाषांतरांच्या आधारे त्यांनी तेवढा भाग संस्कृतात पुन्हा रचून दिला.

१९२६ ते १९२८ या काळात ते टोकियो येथील फ्रेंच-जपानी भवनाचे संचालक होते. ताकाकुसु यांच्यासमवेत त्यांनी चिनी-जपानी साधनांवर आधारलेला ‘होबोगिरिन’ हा बौद्ध ज्ञानकोश आरंभिला. परतीच्या वाटेवर १९२८ साली ते बाली बेटावर उतरले. तेथील पुरोहितांच्या मुखी व ताडपत्रांवर जे संस्कृत मंत्र व स्तोत्रे होती, त्यांत बौद्ध स्तवही होते. हा संग्रह बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत १९३३ साली प्रसिद्ध झाला.

एक सुत्त, पाच देश

या साऱ्या भ्रमंतीचे फळ एका उदाहरणात पाहता येते. मज्झिमनिकायातील चूळकम्मविभङ्गसुत्त आपल्या परिचयाचे आहे. तोदेय्याचा पुत्र सुभ विचारतो : माणसांत कोणी अल्पायुषी, कोणी दीर्घायुषी, कोणी कुरूप, कोणी सुरूप, असे का? भगवंत कर्मानुसार त्याचे उत्तर देतात. संस्कृत परंपरेत हेच सूत्र वाढून महाकर्मविभंग झाले. त्यात सुभाचे नाव शुक आहे. त्याचा मृत पिता त्याच्याच घरी कुत्रा होऊन जन्मला, ही कथा संस्कृत ग्रंथाच्या प्रारंभीच येते. पालीत ती सुत्तात नाही, अट्ठकथेत आहे.

लेव्ही यांनी १९३२ साली नेपाळी हस्तलिखितांवरून महाकर्मविभंग छापला व त्याला पाली, चिनी, तिबेटी आणि कुची भाषेतील संहितांची जोड दिली. मध्य आशियातील वाळूत सापडलेली ही भाषा ‘तोखारी ब’ म्हणून ओळखली जाई. ती कुचा राज्याची भाषा होय हे लेव्ही यांनीच १९१३ साली सिद्ध केले होते. जावा बेटावरील बोरोबुदूरच्या स्तूपाच्या तळाशी १६० शिल्पपट भरावामागे झाकलेले आहेत. ते १८८५ साली उजेडात आले, त्यांची छायाचित्रे घेण्यात आली व तळ पुन्हा झाकण्यात आला. शिल्पींसाठी कोरलेले काही त्रोटक शब्द त्यांवर आहेत, त्यांत ‘विरूप’ हाही आहे. ही शिल्पे कर्मविभंगाची आहेत हे लेव्ही यांनी ओळखले. क्रोधाने मनुष्य कुरूप होतो, हे सुभाला दिलेले उत्तर जावाच्या पाथरवटाने दगडात कोरले होते. श्रावस्तीतील एका संवादाची साक्ष सिंहल, नेपाळ, चीन, कुचा व जावा यांनी दिली. सर्व साक्षी एका माणसाच्या मेजावर एकत्र आल्या, कारण तो त्यांच्यामागे गेला.

मर्यादा

आदर म्हणजे अंधानुकरण नव्हे, म्हणून दोन मर्यादाही नोंदवितो. कुमारजीवाने चिनीत आणलेला सूत्रालंकार नावाचा कथासंग्रह अश्वघोषाचा, असे लेव्ही यांनी १९०८ साली विस्ताराने प्रतिपादिले. १९२६ साली ल्यूडर्स यांनी मध्य आशियातील तुकड्यांवरून तो ग्रंथ कुमारलाताचा ठरविला. लेव्ही यांनी त्यानंतर हा प्रश्न नव्याने हाती घेतला, परंतु बहुतेकांचा कौल आज कुमारलाताकडे आहे. दुसरी मर्यादा त्या काळाची आहे. भारताने आशियाला संस्कृती दिली, या मांडणीत घेणाऱ्या लोकांची प्रतिभा झाकली जाते. कलकत्त्यातील ‘बृहत्तर भारत’ चळवळीने लेव्ही यांचा आधार घेतला, आणि बौद्ध भिक्षूंचे कार्य तिच्यात पुष्कळदा ‘हिंदू वसाहतीं’च्या खाती जमा झाले. बोरोबुदूरचा शिल्पी जावाचाच होता, हे ध्यानी ठेवूनच लेव्ही वाचावेत.

अखेर

लेव्ही यांचे शिष्यमंडळ विशाल होते. फुशे, पेलिओ, देमिएव्हिल, रनू ही नावे प्रसिद्धच आहेत. मराठी माणसाने विशेष स्मरावा असा शिष्य म्हणजे ज्यूल ब्लॉक. मराठी भाषेच्या घडणीवरील त्यांचा १९२० सालचा ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो. अशोकाच्या लेखांचेही त्यांनी पुढे संपादन केले. आपल्या प. ल. वैद्य यांचा आर्यदेवाच्या चतुःशतकावरील प्रबंधही पॅरिसमध्येच १९२३ साली प्रसिद्ध झाला.

१९२० पासून लेव्ही ज्यू समाजाच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या ‘आलियान्स इस्राएलित युनिव्हर्सेल’ या संस्थेचे अध्यक्ष होते. १९३३ नंतर जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यूंचा प्रश्न या संस्थेपुढे उभा राहिला. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी याच संस्थेच्या सभेत त्यांचे आकस्मिक निधन झाले. आयुष्यभर परागंदा ग्रंथांचा शोध घेणाऱ्या या पंडिताचा शेवट परागंदा माणसांच्या चिंतेच्या काळात झाला.

२०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात केंद्र सरकारने मराठी व पाली या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा दिला. आम्हां पाली अभ्यासकांना त्याचा आनंद आहे. परंतु या मानाचे आपण काय करणार? पाली हेच एकमेव मूळ असे सांगून दार लावून घेतले, तर अश्मापरान्तक हे आपल्याच भूमीचे नावही आपल्याला वाचता येणार नाही. पाली घेऊन पदवी मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी दरवर्षी दोघांनी तिबेटी आणि एकाने चिनी शिकावयास आरंभ केला, तरी वीस वर्षांत चित्र पालटेल. आमचे स्वतःचे वय उलटून गेले, तिबेटी आम्ही चाळिशीत अडखळत शिकलो आणि चिनीपाशी थांबलो. म्हणून विद्यार्थ्यांना हे सांगण्याचा अधिकार नसला, तरी गरज आम्हांस वाटते.

विहारात तो प्रश्न पुन्हा विचारला जाईल. आमचे आजचे उत्तर असे : बुद्धवचनाचा सर्वांत अखंड व भारतीय भाषेत टिकलेला संग्रह पालीत आहे. त्याची भावंडे नेपाळात, तिबेटात, चीनमध्ये आणि वाळूखाली विखुरलेली आहेत. सर्वांना एकत्र बसवून ऐकले, तर भगवंतांच्या शब्दांच्या आपण अधिक जवळ जातो. हे उत्तर लांब आहे. श्रोते ते शांतपणे ऐकून घेतात, असा आमचा अनुभव आहे.